शब्दाचा सण: रायगड किनाऱ्यावरील भाषांतराची परंपरा

प्रतिवर्षीं सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस आपली पवित्र ख्रिस्तसभा संत जेरोम ह्यांचा सण पाळीत असते. इ. स. ४२० मध्यें ह्याच तारखेस बेथलेहेम येथें हे वृद्ध तपस्वी परलोकवासी झाले. ज्या पुस्तकामुळें त्यांचें नांव अजरामर झालें, तें त्यांनीं स्वतः रचिलेलें नव्हतें. तें भाषांतर होतें. हिब्रू व ग्रीक भाषांतील पवित्र शास्त्र त्यांनीं आपल्या काळच्या लोकांस समजेल अशा लॅटिन भाषेंत आणिलें. जगांतील भाषांतरकारांच्या संघटनांनीं हाच दिवस आपला सण म्हणून पत्करिला, आणि २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय भाषांतर-दिन म्हणून मान्य केला. अशा रीतीनें एका संताचा स्मरणदिन हा सर्व राष्ट्रांच्या साहित्याचा व भाषांतराचा उत्सव झाला आहे.

अशा उत्सवाचा आणि आपल्या रायगड किनाऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी करील. तो संबंध दाखविणें हाच ह्या लेखाचा हेतु आहे. रेवस-मांडव्यापासून मुरुड-श्रीवर्धनपर्यंतचा हा किनारा हजार वर्षांहून अधिक काळ परभाषांच्या लाटा अंगावर घेत आला आहे. येथें बाहेरचे शब्द आले, येथील शब्द बाहेर गेले, आणि ह्या देवघेवींत कांहीं ग्रंथ जगले, तर कांहीं लुप्त झाले. जे जगले ते कां जगले? इतिहास पाहतां असें दिसून येतें कीं, त्यांना छापखान्यानें फारसें तारिलें नाहीं. सणावारीं एकत्र जमलेल्या मंडळींच्या मुखानें तारिलें.

भाषांतर म्हणजे एका पंडितानें एका खोलींत बसून करावयाचें काम, असें आपणांस वाटतें. संत जेरोम ह्यांचाच अनुभव निराळा होता. इ. स. ३८२ च्या सुमारास पोपमहाशय दमासस ह्यांनीं शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ शुद्ध करण्याचें काम त्यांजकडे सोंपविलें. पुढें बेथलेहेमांत राहून त्यांनीं जुन्या कराराचें भाषांतर मूळ हिब्रूवरून केलें. त्यासाठीं यहुदी शिक्षकांजवळ बसून ते ती भाषा शिकले. पौला नांवाची रोमन विधवा व तिची कन्या युस्तोकियुम ह्या दोघींचें त्यांच्या अभ्यासास मोठें सहाय्य झालें. परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. उत्तर आफ्रिकेंतील ओएआ नांवाच्या नगरांत एकदां तेथील बिशपांनीं योना संदेष्ट्याचें नवें भाषांतर देवळांत वाचविलें. योनाच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या वेलीचें नांव जुन्या पाठांत भोपळीचें होतें. जेरोम ह्यांच्या पाठांत तें दुसऱ्याच एका वेलीचें झालें. पिढ्यान्‌पिढ्या कानीं बसलेला शब्द बदललेला ऐकून मंडळींत एवढा गोंधळ उडाला कीं, आपली मंडळी आपणांस सोडून जाते कीं काय, अशी बिशपांस भीति पडली. संत ऑगस्टीन ह्यांनीं ही हकीकत स्वतः जेरोम ह्यांस पत्रानें कळविली. एका वेलीच्या नांवावरून भांडणाऱ्या त्या लोकांस हंसूं नये. ग्रंथ आपला वाटला, म्हणूनच ते त्यासाठीं भांडले.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. आजचें चौल हें अरब प्रवाशांचें सैमूर. इ. स. ९१६ च्या सुमारास मसूदी नांवाचा अरब इतिहासकार येथें आला होता. येथें सुमारें दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक आहेत, असें त्यानें लिहून ठेविलें; आणि ह्या किनाऱ्यावरील लोकांच्या भाषेचें नांवहि त्यानें नोंदविलें. परक्या बंदरांत उतरल्यावर तेथील भाषा कोणती, हें विचारणारा मनुष्य हा भाषांतरकाराचाच भाऊ होय. त्याचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच भाषेंत उतरला, आणि त्यानंतर चौलची ही हकीकत युरोपांतील अभ्यासकांस सुलभ झाली. मसूदीच्या भेटीनंतर शंभर वर्षांच्या आंतच अलिबागजवळील अक्षी येथें मराठी भाषा दगडावर कोरली गेली. डॉ. शं. गो. तुळपुळे ह्यांच्या वाचनाप्रमाणें त्या शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा आहे. पुष्कळ विद्वान त्यास मराठींतील आद्य शिलालेख मानतात.

त्यानंतर साडेचारशें वर्षांनीं त्याच चौलांत त्वेर नगरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन उतरला. १४६९ च्या सुमाराची ही गोष्ट. वास्को द गामा कालिकतास येण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षें हा ख्रिस्ती मनुष्य घोडा विकण्याच्या आशेनें येथें आला, येथून जुन्नर व बिदरकडे गेला, आणि परतीच्या वाटेंत, आपलें नगर दिसण्यापूर्वींच मरण पावला. त्याच्या वहींत रशियन भाषेबरोबर तुर्की, फारसी व अरबी शब्दांची इतकी मिसळ आहे कीं, ती वही म्हणजे चालतें-बोलतें भाषांतरच होय. त्या वहींतील एक दुःख मात्र आपणां ख्रिस्ती लोकांच्या हृदयास विशेष जाऊन भिडतें. वाटेंत लुटारूंनीं त्याचीं धार्मिक पुस्तकें नेलीं. पुस्तकें गेलीं, सोबतीस मंडळी नाहीं. तेव्हां पुनरुत्थानाचा सण केव्हां येतो हेंहि त्यास कळेना. शेजाऱ्यांचे सण पाहून तो अंदाजानें आपले उपास धरीत असे. पुस्तक आणि मंडळी हीं दोन्हीं सुटलीं म्हणजे सणहि सुटतो, हें त्या परदेशस्थ भाविकानें अनुभविलें. त्याच्या स्मरणार्थ रेवदंडा येथें आज एक स्मारक उभें आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज चौलास आले. १५२१ मध्यें त्यांनीं तेथें किल्ल्याच्या कामास आरंभ केला, आणि त्या तटाच्या आंत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघीय व ऑगस्टिनियन धर्मगुरूंचे मठ व मंदिरें उभीं राहिलीं. त्यांचे भग्न मनोरे रेवदंड्याच्या नारळी-पोफळींत आजहि दिसतात. येथील धर्मगुरू गोव्याशीं बांधलेले होते. आणि गोव्यांत १५५६ सालीं छापखाना आला होता. परंतु येथील लोकांच्या भाषेंतील महान ख्रिस्ती ग्रंथ जन्मास यावयाला आणखी साठ वर्षें लागलीं.

तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें क्रिस्तपुराण. स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचे. १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास पोहोंचले. ग्रंथाच्या आरंभींच त्याच्या जन्माची कथा आहे. साष्टींतील एका देवळांत मुलांस धर्मशिक्षण चाललें असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें असा प्रश्न केला कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं नवें पुराण आम्हांस कां देत नाहीं? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर सुमारें अकरा हजार ओव्यांचें निघालें. १६१६ सालीं रायतूर येथें तें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. रविवारीं व सणांच्या दिवशीं मिस्सेनंतर देवळांत त्याचें वाचन होई. एका इंग्रजानें मराठींत पुराण रचिलें. एत्येन द ला क्रुआ ह्या फ्रेंच धर्मगुरूंनीं संत पेत्रावर १६२९ पासून पुराण छापविलें. आणि मोरोक्को देशांत जन्मलेले पोर्तुगीज फादर अंतोनियु द साल्दान्या ह्यांनीं १६५५ मध्यें संत अंतोनीचें चरित्र प्रसिद्ध केलें. जर्मन कवि गोएटे ह्यानें 'जागतिक साहित्य' ही कल्पना १८२७ सालीं मांडिली. तिच्या दोनशें वर्षें आधीं कोंकणच्या मातींत तीन देशांचे लोक ओवी लिहीत होते.

पुढें काय झालें? २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें असा हुकूम काढिला कीं, लोकांनीं आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागावें. हुकमानें भाषा मेली नाहीं, परंतु तिच्यांतील ग्रंथांचे वाईट दिवस आले. क्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आजवर हातीं आलेली नाहीं. मग हें पुराण आपणांस मिळालें कसें? गोव्यांतून कानडा मुलुखांत जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तें हातानें उतरून घेतलें होतें, आणि आपल्या घरीं व मंडळींत तीं कुटुंबें तें गात असत. त्या हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जे. एल. साल्दान्हा ह्यांनीं तें पुन्हा छापिलें. लंडनमध्यें देवनागरी लिपींतील एक हस्तलिखितहि सांपडलें. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ति निघाली, आणि २००९ मध्यें फादर नेल्सन फलकाव ह्यांनीं आधुनिक मराठी गद्यासह तें वाचकांच्या हातीं दिलें. छापलेलें हरवलें आणि गायिलेलें उरलें, ही गोष्ट प्रत्येक पॅरिशनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

उत्तर कोंकणांतहि असेंच घडलें. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायन्स ह्यांचें प्रभूच्या दुःखसहनाचें पुराण १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. त्याची भाषा वसई-मुंबईकडील लोकांच्या बोलीजवळची आहे. हें पुराण प्रायश्चित्तकाळांत ख्रिस्ती घरांतून गाइलें जात असे. म्हणून मागणी राहिली, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत तें पुन्हा छापावें लागलें.

वसईचें नांव निघालें म्हणजे संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. पोर्तुगीज पिता व कोंकणी माता ह्यांचे हे पुत्र. ते जपानांत गेले, ती भाषा त्यांनीं आत्मसात केली, आणि १५९३ मध्यें संत पेद्रो बाप्तिस्ता हे मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्याकडे वकील म्हणून गेले तेव्हां गोन्सालो हेच त्यांचे दुभाषी होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सहकाऱ्यांसह त्यांस क्रुसावर वीरमरण आलें. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. ज्यांचे शब्द त्यांनीं भाषांतरित केले, त्यांच्याच बाजूस त्यांनीं मरण पत्करिलें. भाषांतरकाराच्या निष्ठेचें ह्याहून मोठें उदाहरण कोंकणच्या इतिहासांत शोधूं जातां सांपडणार नाहीं.

आपल्या शेजारधर्माचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. अलिबाग, नवगांव, रेवदंडा ह्या गांवांत बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहत आले. तेल गाळणें हा त्यांपैकीं पुष्कळांचा धंदा, आणि शब्बाथ पाळीत म्हणून गांवकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी; प्रार्थनेची हिब्रू. वल्हांडण सणाच्या रात्रीं मिसर देशांतून झालेल्या सुटकेची कथा बापानें मुलांस सांगावी, असा त्यांच्या शास्त्राचा दंडक आहे. परंतु जी भाषा मुलांस कळत नाहीं तींत कथा कशी सांगावी? म्हणून १८४६ सालीं मुंबईंत त्या सणाचें पुस्तक, हग्गादा, हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत निघालें. १८७४ मध्यें पुण्यास त्याची सचित्र आवृत्ति झाली. मुलांनीं प्रश्न विचारावा आणि घरच्या भाषेंत उत्तर मिळावें, ह्यासाठीं केलेलें हें भाषांतर सणाच्या पंगतीसाठींच होतें. साष्टींतील त्या ब्राह्मणाचा प्रश्न आणि वल्हांडणाच्या रात्रींचा मुलाचा प्रश्न, दोन्ही एकाच जातीचे. विसाव्या शतकांत त्यांच्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. थोडीं घरें अजून ह्या किनाऱ्यावर आहेत.

आतां कोर्लईकडे येऊं. १५९४ सालीं पोर्तुगीजांनीं जिंकलेला तो डोंगरी किल्ला कुंडलिकेच्या मुखावर उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशीं माउंट कार्मेल मातेच्या देवळाभोंवतीं ख्रिस्ती वस्ती आहे. १७४० मध्यें चौल मराठ्यांच्या हातीं आलें. गोरे अंमलदार व धनिक निघून गेले. गरीब ख्रिस्ती मागें राहिले. एका बाजूस खाडी, एका बाजूस समुद्र, आणि सभोंवतीं निराळ्या धर्माचे व जातींचे लोक, अशा स्थितींत त्यांनीं एक भाषा जपिली. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, असें म्हणतात. तिचे शब्द बव्हंशीं पोर्तुगीज. परंतु वाक्याची ठेवण मराठीची, क्रियापद शेवटीं. दोन भाषांनीं एकमेकींस भाषांतरित करून जन्मास घातलेली ही तिसरी भाषा होय. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनीं तिचा अनेक वर्षें अभ्यास करून १९९६ मध्यें तिच्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

राज्य नाहीं, शाळा नाहीं, पुस्तक नाहीं, अशा अवस्थेंत ही भाषा अडीचशें वर्षांहून अधिक काळ टिकली, ती अंगाईंत, लग्नाच्या गाण्यांत, जपमाळेंत आणि सणाच्या दिवशींच्या गप्पांत. आज तिच्या बोलणाऱ्यांची संख्या हजाराहून कमी असल्याचें अभ्यासक सांगतात. मुलें मराठी शाळेंत जातात, खाडीवर पूल झाला आहे, नोकरीसाठीं तरुण मुंबईस जातात. आणि देवळांतील उपासना मराठींत होते. ह्यांपैकीं एकहि गोष्ट वाईट नाहीं. तरी आजी व नातू ह्यांच्यामध्यें ती भाषा गळून पडत असेल, तर तिच्याबरोबर तिचीं गाणीं व म्हणीहि जातील, आणि त्या पुन्हा कोणत्याहि हस्तलिखितांत सांपडणार नाहींत. कारण त्या लिहिल्याच गेल्या नाहींत.

उपासना मराठींत होते, ह्यालाहि इतिहास आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं पवित्र उपासनेविषयींचा दस्तऐवज प्रसिद्ध करून लोकभाषांस मिस्सेंत वाट करून दिली. त्यापूर्वीं पुष्कळ शतकें आपले पूर्वज लॅटिन मिस्सेस भक्तिभावानें हजर राहत आणि मागाहून आपल्या भाषेंत पुराण ऐकत. वेदीजवळ देवाचें वचन मराठींत ऐकावयास मिळणें, ही आजची साधी गोष्ट त्यांच्या दृष्टीनें केवढी मोठी ठरली असती! आपल्या काळांत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं 'सुबोध बायबल' मराठी वाचकांस दिलें, आणि २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजीं ते प्रभूकडे गेले. क्रिस्तपुराणापासून निघालेली वाट मराठी साहित्याच्या राजरस्त्यास मिळाली, हें त्या संमेलनानें जगास दाखविलें.

ह्याच जिल्ह्यांतील गागोदें गांवीं १८९५ मध्यें आचार्य विनोबा भावे जन्मले. त्यांनीं गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद केला, तो गीताई ह्या नांवानें १९३२ सालीं प्रसिद्ध झाला आणि घरोघरीं म्हटला जाऊं लागला. नव्या करारांतील निवडक वचनांचा ख्रिस्तधर्म-सार हा संग्रहहि त्यांनींच सिद्ध केला. माणगांव तालुक्यांतील वडघर येथें ज्यांचें राष्ट्रीय स्मारक आहे, त्या साने गुरुजींनीं तमिळ कुरळ व टॉल्स्टॉयचा कलेवरील ग्रंथ मराठींत आणिले, आणि भारतीय भाषांनीं एकमेकींचें साहित्य शिकावें ह्यासाठीं आंतरभारतीची कल्पना १९४९ मध्यें पुण्याच्या साहित्य संमेलनांत मांडिली. म्हणजे भाषांतराची ही परंपरा केवळ आपल्या ख्रिस्ती मंडळीची नाहीं. ती ह्या संपूर्ण किनाऱ्याची व त्याच्या पाठीशीं असलेल्या डोंगरपट्टीची आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या वर्षीं देवळाची रंगरंगोटी होते, मिरवणूक निघते, आणि तें योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ह्या किनाऱ्यावरील पॅरिशांनीं मनावर घ्यावी. ३० सप्टेंबर १४२० सालच्या नव्हे, तर संत जेरोम ह्यांच्या मरणाच्या सोळाशेंव्या वर्षीं, म्हणजे ३० सप्टेंबर २०२० रोजीं, पोपमहाशय फ्रान्सिस ह्यांनीं त्यांच्यावर एक पत्र काढिलें. त्याच्या आदल्या वर्षीं, त्याच तारखेस, त्यांनीं सामान्यकाळांतील तिसरा रविवार देववचनाचा रविवार म्हणून नेमून दिला. ह्या दोहोंपैकीं एक दिवस आपण वाचनाचा सण म्हणून पाळूं शकतों. त्या सायंकाळीं योनाचा छोटा ग्रंथ घ्यावा. एकानें मराठींत, एकानें कोळी बोलींत, एकानें कोंकणींत, आणि कोर्लईच्या एखाद्या आजीनें 'नौ लिंग'मध्यें त्यांतील एकेक भाग सांगावा. क्रिस्तपुराणाचा एक अध्याय गावा. शेजारच्या बेने इस्राएल घरांस व इतर धर्मीय मित्रांस बोलवावें. आणि त्याच वेळीं तरुणांनीं वडील मंडळींच्या तोंडचीं गाणीं, प्रार्थना व म्हणी एका वहींत देवनागरींत उतरून घ्याव्या. शब्दाखालीं त्याचा मराठी अर्थ लिहावा.

ह्या कामास मोठा पैसा लागत नाहीं. कागद, लेखणी आणि ऐकून घेण्याची सवड एवढेंच लागतें. कानडा मुलुखांतील ज्या कुटुंबांनीं क्रिस्तपुराण उतरून घेतलें, त्यांचीं नांवें इतिहासास ठाऊक नाहींत. त्यांच्या वह्यांनीं मात्र एक ग्रंथ मरणांतून परत आणिला. संत जेरोम व संत गोन्सालो ह्यांच्या मध्यस्थीनें आपल्याहि पॅरिशमध्यें अशी एखादी वही तयार होवो, आणि पुढील महोत्सवास जमणाऱ्या आपल्या नातवंडांस ती उघडून वाचतां येवो.